चिकटवलेली पाने आणि इस्त्रीची वायर

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीपार, व्यवसाय कादंबरीलेखन, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण कसे असते हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य विचार करून लिहिले आहे.

१. माझ्या सर्व पुस्तकांचे हक्क सुनेकडे जातील. अट एकच, शेवटच्या कादंबरीतली एक ओळही गाळायची नाही. मी गेल्यावर "ती चार पाने" काढून नवी आवृत्ती आणायची, असे मुलाने प्रकाशकांशी परस्पर ठरवले आहे. ते ठरवणे रद्द समजावे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. सातव्या प्रकरणात नवरा बायकोला इस्त्रीच्या वायरीने मारतो. अकराव्यात तीच बाई एका घड्याळजीच्या खोलीवर आपणहून जाते आणि चार पाने सुखात असते. सातवे प्रकरण शाळेच्या अभिवाचन स्पर्धेत घेतले. मुलींनी ते हातवारे करून वाचले, टाळ्यांचा कडकडाट झाला. अकराव्यापायी त्याच शाळेने मला पुन्हा बोलावले नाही. मुलगा चारचौघांत म्हणाला, "या वयात शोभतं का हे?"

"कोण होता गं तो?" हे जावेने विचारले, बँकेतल्या कॅशियरनेही आडून विचारले. आमच्या गल्लीतल्या घड्याळजींना तर दुकान हलवावे लागले. बिचाऱ्यांनी माझे एक मनगटी घड्याळ तेवढे दुरुस्त केले होते, आणि तेही पुन्हा बंद पडले. ती चार पाने मी मनाने रचली. तसले सुख माझ्या वाट्याला कधी आले नाही.

सातव्या प्रकरणात मी काहीच रचलेले नाही. ते कोणाचे, असे मात्र एकानेही विचारले नाही. नवरा जिवंत होता तेव्हा डॉक्टरीणबाई "जिन्यावरून पडल्या" असे लिहीत राहिल्या. आमच्या घराला जिना नाही.

२. वाचनालयाला कादंबरीची नवी प्रत द्यावी. जुन्या प्रतीतली ती चार पाने ग्रंथपालांनी खळ लावून एकमेकांना चिकटवली आहेत. सोबत खळीचा एक डबाही द्यावा. सातवे प्रकरण हाताळून हाताळून सुटे झाले आहे, ते डकवायला उपयोगी पडेल.

३. राहते घर मी माझ्या लेखणीवर घेतले. ते सुनेच्या एकटीच्या नावे करते. कारणही लिहून ठेवते, उद्या कोर्टात कोणी विचारायला नको.

परवा ती माझ्या पलंगाशी बसून कादंबरी वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"आई, सातवं प्रकरण तुमचंच ना?"

"तुला कसं कळलं?"

"मारायच्या आधी वायर दुहेरी करतात, हे कोणी मनाने नाही लिहीत."

ऐन उन्हाळ्यात तिने पूर्ण बाह्यांचे कपडे घातले होते. मी बाही वर सारली. दंडावर वायरीचे दुहेरी वळ होते. चार पानांची लाज वाटणारा माझा मुलगा तो हाच.

४. माळ्यावरची जुनी इस्त्री मुलाला द्यावी, त्याच्या बापाची आठवण म्हणून. तिची वायर मी कापली आहे. ती डॉक्टरीणबाईंकडे आहे, सुनेच्या दंडाच्या फोटोंसोबत. या खेपेस त्यांनी जिना लिहिलेला नाही.

साक्षीदार:
दुकान हलवावे लागलेले घड्याळजी (सही). साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, म्हणून त्यांना काही दिलेले नाही. लोकांना काय बोलायचे ते बोलू देत.
डॉक्टरीणबाई (सही). मी शुद्धीवर असल्याचा दाखला जोडला आहे.

लिहून ठेवणार: (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: आजचा. मुलगा परगावी आहे. कुलूपवाला आत्ताच दाराचे कुलूप बदलून गेला आणि किल्ली सुनेच्या हातात आहे. या एका गोष्टीसाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही.