वर्ण उजळ

१२ जानेवारी १९३६

झुंबरआत्याने घोळ घातला! तिच्या पिंपळगावच्या खंडेरावांना सांगून आली — "आमची शेवंता वर्णाने उजळ आहे." मी — उजळ! घरापुढच्या दुकानात गेले, बाबांनी नुकत्याच मांडलेल्या पितळी हंड्यात तोंड पाहिलं. हंडा उजळ होता.

आत्याला विचारलं, "उजळ म्हणजे नक्की काय गं?"

"गोरीच्या जरा अलीकडचं."

"किती अलीकडचं?"

"तू गप्प बस!"

बाबा वर्तमानपत्रामागे हसत होते. आई नाही हसली. मागची दोन्ही स्थळं माझ्या रंगावरूनच गेली.

१५ जानेवारी

हळद, साय, डाळीचं पीठ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. म्हटलं, त्यापेक्षा चिंच आणि राख आणा, बाबा पितळ त्यानेच उजळतात! आत्याने पाठीत धपाटा घातला.

१६ जानेवारी

काळी ती काळीच. वर पिवळी!

१९ जानेवारी, रविवार

आज पाहायला आले. आत्याने मला माजघरात, खिडकीपासून लांब बसवलं — म्हणजे अंधारात उजळ दिसायचं! खंडेराव आणि त्यांचा मुलगा यादव. बीएला आहे म्हणे. त्याची नजर माझ्या हातांवर. बराच वेळ पाहिलं, मग वडिलांच्या कानाशी लागला. खंडेराव मोठ्याने म्हणाले, "झुंबरबाई, तुमी तर उजळ म्हनला व्हता!"

आत्याने घाईघाईने पोह्यांची बशी पुढे सरकवली. आई पदर चुरगाळत बसली. तिच्याकडे पाहवेना. मग मीच बोलले — "आत्या उजळणी म्हणाली असेल. माझी उजळणी पक्की आहे."

"कुठवर?"

"औटकीपर्यंत."

आणि सुरूच केली, साडेतीनचा पाढा! खंडेराव हसतील किंवा उठून जातील असं वाटलं. तर मांडीवर थाप मारत माझ्याबरोबर म्हणायला लागले! लहानपणी छडी खाऊन शिकलेले. सातावर अडले. मी म्हटलं, "साडेचोवीस!" — आणि पुढे निघाले. "लय पक्की हाय पोरगी!"

यादवने पोह्यांना हात लावला नाही. छान झाले होते. नंतर मी खाल्ले.

२२ जानेवारी

नकार. रंगावरूनच. हसून दाखवलं सगळ्यांना. मग रडायला न्हाणीघरात गेले तर आई आधीच तिथे!

२३ जानेवारी

आत्या पिंपळगावला परत जायचं नाव घेईना. "उजळ माथ्याने फिरायची सोय राहिली नाही गं मला!" एवढ्या दुःखात पुन्हा तोच शब्द! मला हसू फुटलं. रागावून पाहिलं तिने — मग तीही हसली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

२ फेब्रुवारी

खंडेराव दुकानात! घागर घ्यायला म्हणे. घागरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोराचं सोडा. त्याला चितरातली पायजे. पन आमच्या पोरींच्या शाळंला मास्तरीन मिळंना. शाळा बंद पडंल. मी कमिटीवर हाय. तुमची पोरगी सातवीची फायनल पास हाय ना?"

"लग्न व्हायचंय तिचं," बाबा म्हणाले.

"व्हईल की! तवर शिकवंल."

आत्या आतूनच ओरडली, "माझ्या घरी राहील!"

बाबा कितीतरी वेळ एकच तांब्या पुसत राहिले. मग मला विचारलं — मला! आजवर स्थळं आली, गेली, कधी कुणी मला विचारलं नव्हतं — "तुला जायचंय का गं?"

एरवी किती बोलते मी. आज नुसती मान हलवली. जोरात.

८ जून

पिंपळगाव. शाळेचा पहिला दिवस. वर्गात शिरले तर सगळ्या मुली एकदम उठून उभ्या राहिल्या. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. कुणीच नव्हतं.