बाबांनी धरलेली जागा

३ ऑक्टोबर

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॉलेज कसं चाललंय असं तू विचारलंस. आत्या, कॉलेज छान चाललं असेल, मीच तिथे जात नाही. झालं, सांगून टाकलं एकदाचं.

सुरुवातीला गेले गं. पण बाकावर बसलं की माझे पाय आपोआप हलायला लागतात. सर बोलतात ते कानात शिरतं आणि तिथूनच परत जातं. खिडकीतून समोरचं सोफे दुरुस्त करायचं दुकान दिसायचं. एकदा तास बुडवून आत डोकावले, तर मालकीणबाईंनी काही न विचारता हातात पक्कड दिली आणि जुने खिळे उपटायला बसवलं. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. आता रोज तिथेच असते. पट्ट्या ताणायच्या, स्प्रिंगा बांधायच्या. बाई म्हणतात, तुझ्या गाठी ढिल्या येतात. खरंच येतात.

बाबांना मात्र लिहिते की तास छान होतात. दिवसभर बस चालवून दमलेला माणूस, माझी पत्रं कंडक्टरला वाचून दाखवतो म्हणे. त्यांना तू सांगशील का?

उत्तराची वाट पाहतेय. माया असू दे.
तुझी भिंगरी

११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझा कान धरावासा वाटला. वॉर्डात होते म्हणून पत्र खिशात कोंबलं आणि दिवसभर बाकीच्या नर्सेसवर उगाच डाफरत राहिले.

कॉलेज केलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. डिग्री घेऊन घरी बसलेले काय कमी पाहिलेत? पण उद्या तुझा हात दुखावला, दुकान बंद पडलं, तर पुढे काय? हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. तुझ्या बापाचं आणखी वेगळंच. त्याला तुझ्या नोकरीची एवढी चिंता नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला कुणीही येऊन अरे-तुरे करतं, ते तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात आहे.

मी सांगणार नाही. फसवायचं तू आणि बोलणी खायची मी, हे कुठलं? तूच लिही, आणि लवकर लिही. तुझा स्वेटर घरी राहिलाय, तो सुट्टीच्या दिवशी नेऊन देतो, असं तुझा बाप म्हणत होता.

वेळेवर जेवत जा.
तुझी, रागावलेली पण तुझीच,
आत्या

२० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

सोमवारी माझी आठवड्याची सुट्टी होती. स्वेटर घेऊन तुझ्या कॉलेजात आलो होतो. गाडी सुटायच्या कितीतरी आधी जाऊन बसायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. शिपायानं वर्ग दाखवला, तो रिकामा होता, मागच्या बाकावर बसलो. पोरं आली, तू आली नाहीस. तेवढ्यात सर आले. आता उठलो तर सगळे बघणार, म्हणून तसाच बसून राहिलो.

सर नंबर पुकारायला लागले. तुझा आला, फीच्या पावतीवर पाहिलेला. त्यांनी परत पुकारला. पोरी, माझ्यानं राहवेना. मी उभा राहून म्हटलं, हजर. सगळा वर्ग हसला. मुलगी आजारी आहे, मी तिचा बाप, असं सरांना सांगितलं. बसा म्हणाले.

नंतर तुझ्या मैत्रिणीनं खरं काय ते सांगितलं. दुकानासमोर आलो. तू ओठांत खिळे धरून सोफ्यावर वाकली होतीस. हाक मारली नाही. खिळे तोंडात असताना दचकली असतीस.

फार राग आला. अजून आहे. पण माझ्या रागानं तू शिकणार थोडीच? तुझं काय ते ठरेपर्यंत मी दर सोमवारी येऊन बसतो. सर म्हणाले, त्यानं तिची हजेरी लागणार नाही. नाही लागली तर नाही. जागा तरी धरलेली राहील.

विचार कर आणि कळव. प्रकृतीला जप.
बाबा

३१ ऑक्टोबर

ति. बाबांना,
शि. सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून माझ्या पायांना थारा नाही. गाठी इतक्या चुकल्या की बाईंनी घरी पाठवलं.

या सोमवारी मी आले होते. तुमच्या शेजारी येऊन बसायचं असं ठरवूनच आले होते. दारापर्यंत पोचले. तुम्ही केसांना पाणी लावून, तो एकुलता एक चांगला शर्ट घालून ताठ बसला होतात. माझा नंबर पुकारला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही हजर म्हणालात. या वेळी कुणी हसलं नाही.

बाबा, मला लाज वाटायला हवी होती. पण मला हायसं वाटलं. तेव्हाच कळलं की मला तिथे बसायचं नाही, आत्ताही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. आत्या म्हणते, हात दुखावला तर? भीती वाटते. तरीही नाहीच. हे वाचून तुम्हाला किती लागेल ते मला कळतं, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली आहे.

मी दारातून लगेच निघाले नाही. सर शिकवत होते आणि तुम्ही मान डोलावत ऐकत होतात. तुम्हाला असं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नाव काढायचा अर्ज येत्या सोमवारी द्यायचा आहे. तुम्ही बरोबर याल का? माझी जागा मी एकटीनं सोडली असती. पण तिथे आता तुम्ही बसता, आणि तुम्हाला उठवायची हिंमत मला एकटीला होत नाही.

रागवा हवं तेवढं, पण मायेत कमी करू नका.
तुमची भिंगरी