भिंतीकडे तोंड करून

ता. ६ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि मागच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे फिरवून डोळे मिटून बसलो. तुझा फुटबॉलचा सामना होता. पुढच्या खोलीत तुझी वहिनी आवाज बंद ठेवून टीव्ही बघणार आणि तू बॉल अडवलास की मला ओरडून सांगणार, हा आपल्या घरचा शिरस्ता. मधेच घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायला उठलो. पाहतो तर टीव्ही बंद. त्याच्यावरचं फडकंसुद्धा काढलेलं नव्हतं. वहिनी अंगणात दोरीवर चादर टाकत होती, आणि तिथूनच खच्चून ओरडली की भावजींनी अडवला!

मी दारात उभा. तिची चादर हातातच राहिली.

मग सगळं बाहेर आलं. गेली दोन वर्षं तू गोलमध्ये उभाच राहिलेला नाहीस. राखीव गोलकीपर म्हणून कोट घालून बाकावर बसतोस. तूच तिला सांगितलंस आणि दादाला कळू देऊ नका म्हणून शपथ घातलीस. मग तुझे अडवलेले बॉल तिने घरच्या घरी तयार केले. एका सामन्यात तर तिने तुला दोन पेनल्ट्या अडवायला लावल्या, आणि मी शहाणा ते वखारीत सगळ्यांना सांगत सुटलो. करवतीवरचा माझा सोबती नुसता लाकूड पुढे सरकवत राहिला. त्यालाही ठाऊक असणार. म्हणजे सगळ्या गावात खुळा मी एकटाच.

फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून कागदावर विचारतो. मी देवाकडे इतके दिवस काय मागत होतो रे? बाकावर बसलेल्या माणसाच्या हातांना बळ दे, असं?

तब्येतीला जप. लोभ आहेच, पण सध्या जरा आंबलाय.

तुझा
दादा

---

ता. १९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीला बोलू नकोस, ती मला दिलेल्या शब्दाला जागली. त्या दोन पेनल्ट्या मलाही नव्या आहेत. तिला म्हणावं, पुढच्या वेळी माझ्याकडून एखादा गोलही मारून घ्या.

खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, एवढं तुला माहीत आहे. मी बरा होईपर्यंत माझ्या जागी आलेला गोलकीपर चांगला निघाला. त्यात कोणाचं पाप नाही. इथे मला कोणी वाईट वागवत नाही, नुसतं वागवतच नाहीत. सामन्याआधी मी त्याच्याकडे बॉल मारतो, त्याचे हात मोकळे व्हावेत म्हणून. मग कोट घालून बसतो. माझ्या हातमोज्यांना आता चिखलसुद्धा लागत नाही.

का सांगितलं नाही विचारतोस. तुझ्या खुर्चीमुळे. शाळेच्या त्या सामन्यात पेनल्टीच्या वेळी तू भीतीने डोळे मिटलेस आणि मी बॉल अडवला. आई म्हणाली, थोरल्याने बघायचं नाही, त्याने बघितलं नाही की धाकट्याचं चांगलं होतं. तेवढ्यावर तू जन्मभर भिंत धरलीस. ज्याने मला वखारीतल्या भुशाच्या ढिगावर बॉलसाठी झेपावून पडायला शिकवलं, त्यानेच मला सामन्यात पडताना कधी पाहिलं नाही. इथे तिकीट काढून आलेल्या परक्यांनी पाहिलं. मग तुझ्या त्या भिंतीला कोणत्या तोंडाने सांगू, की मी आता खेळतच नाही?

मोसम संपला की माझा करार संपतो. शेवटच्या सामन्यात थोडा वेळ उतरवतो, असं कोच म्हणाला. उपकारच म्हण. त्या दिवशी खुर्ची फिरव. त्यानंतर बघायला काही उरणार नाही.

तुझा
बोका

---

ता. २ एप्रिल

चि. बोक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

हे सोडून काहीही माग. आई गेली, पण शब्द मागे ठेवून गेली. मी बघितलं आणि नेमका गोल झाला, तर ते ओझं घेऊन मी कुठे जाऊ? तेही तुझ्या शेवटच्या सामन्यात?

तुला वाटतं मला बघावंसं वाटलं नाही? त्या भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, मी रंग दिला, पुन्हा पोपडे निघाले. ती भिंत मला तोंडपाठ आहे, आणि तुझा खेळ ठाऊक नाही. याला तप म्हणायचं नाही तर काय? वहिनी म्हणते, तप कसलं, हट्ट आहे नुसता. सध्या आमचं बोलणं भाजीत मीठ कमी की जास्त, एवढ्यापुरतंच आहे.

राग मानू नकोस. मी बसेन, पण माझ्या जागी.

तुझा
दादा

---

ता. १३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

बघू नकोस. फक्त एवढं ऐक. मी आजवर जितके गोल खाल्ले, ते सगळे तू डोळे मिटून बसला होतास तेव्हाच झाले. खांदा निखळला तेव्हाही तुझा दिवा तेवतच होता. मी देवाला बोल लावत नाही. पण तू माझ्यासाठी बसत नव्हतास, दादा. गोल झाला तर तो आपल्या माथी येऊ नये, म्हणून बसत होतास.

लोभ मागत नाही, तो आहे. नजर मागत होतो.

बोका

---

ता. २० मे

चि. बोक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं ते शेवटचं पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन हिंडलो. वखारीत करवत चालू असताना काही ऐकू येत नाही, पण तुझं ते ‘माझ्यासाठी बसत नव्हतास’ ऐकू यायचं. देवापुढे बसलो तरी तेच. शेवटी देवालाच विचारलं, की हा म्हणतो ते खरं का? तो कधी बोलत नाही. त्या दिवशी त्याचं गप्प बसणं मला होकारासारखं वाटलं.

रविवारी खुर्ची उचलून पुढच्या खोलीत नेली. वहिनीने सरकून जागा केली.

तुला उतरवलं तेव्हा हार ठरलेलीच होती आणि लोक उठून चालले होते. तू हातमोज्यांचे पट्टे दातांनी आवळलेस. मी वहिनीला विचारलं, हा असं कधीपासून करतो. ती म्हणाली, पहिल्यापासून. एवढं साधं, आणि मला ठाऊक नव्हतं.

मग तो बॉल आला. खालून, तुझ्या दुखऱ्या खांद्याच्या बाजूला. तू पडलास. कोपर आत घेऊन, कुशीवर, भुशाच्या ढिगावर शिकवलं होतं अगदी तसा. आणि बॉल तुझ्या हाताखालून गेला. कोणीतरी हसलं, तेही टीव्हीवर ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बघितलं, आणि गोल झाला. शेजारीपाजारी म्हणतील, म्हातारी खरं बोलत होती. म्हणू देत. माझ्या मनातही ते येऊन गेलं, तुझ्यापासून कशाला लपवू.

समोरच्याच्या पायातून बॉल सुटला तेव्हा माझ्या पापण्या सवयीने खाली यायला लागल्या होत्या. मी येऊ दिल्या नाहीत. तू गुडघ्यावर बसलास, उठलास, जाळ्यातून स्वतः बॉल काढून आणलास, कोणाकडेही न बघता पुन्हा जागेवर उभा राहिलास. ते सगळं, शेवटची शिटी होईपर्यंत, मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

तुला खेळताना पाहिलेला,
दादा