जहरमोहऱ्याची परीक्षा

वसई, ९ जुलै १९९८

तीर्थरूप आप्पांच्या चरणी चंद्रहासाचा दंडवत.

मी खुशाल आहे. खडे घासायच्या कारखान्यात आता मला हिरव्या खड्यांची वर्गवारी करायला देतात.

साप चावल्यावर तुम्ही जखमेवर लावता, त्या जहरमोहऱ्याचा तुकडा आमच्या कारखान्यातल्या जेम्समास्तरांना दाखवला. त्यांनी सुरीने चरा पाडला. "चंदू, जेडसारखा टणक खडा असता तर चरा पडला नसता. हा सर्पेंटाइन, मऊ दगड. सापासारखी नक्षी म्हणून तसलं नाव. विषबिष काय ओढत नाय." कारखान्यातल्या आणखी दोघा जाणकारांना विचारले, उत्तर तेच.

धाकटी वसुंधरा भाताच्या लावणीला अनवाणीच जाते का? तिला काही चावले तर खडा लावत बसू नका, तडक सरकारी दवाखान्यात न्या. मग माझ्यावर हवे तेवढे रागवा.

आजवर तुमच्या शब्दाबाहेर न गेलेला,
चंद्रहास