पुढच्या चाकाचे छर्रे

१८ नोव्हेंबर
दादूचं दुकान बंद! बहिणीच्या मुलीचं लग्न आहे म्हणे, अंजनवेलला. आठ दिवस येणार नाही. मला आधी सांगायला काय झालं होतं? तीस वर्षं माझी सायकल त्याच्याखेरीज कुणी उघडलेली नाही. पुढच्या चाकातून कुरकुर येते आहे, वाळू दळल्यासारखी. आणि हा तिकडे पंगती उठवतोय.
अक्षयाचा पुण्याहून फोन. "आत्या, सायकल काढून टाका ना आता. रिक्षा करा." तू तुझी गाडी आधी काढ, म्हटलं. तिने फोनच ठेवला. माझी भाची शोभते.

२० नोव्हेंबर
स्वतःच उघडलं चाक. का नाही? दर पंधरवड्याला काहीतरी निघतंच — ब्रेक, घंटा, चेन. दादू काम करतो, मी नगरपरिषदेचा उद्धार करते, तो "हूं" म्हणतो. पण डोळे उघडे असतात माझे.
व्हरांड्यात जुने पेपर पसरले. चाक काढलं, नट सोडवले, एक्सल ओढून घेतला. हब म्हणजे चाकाच्या मधला पोकळ लोखंडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक वाटी. वाटीत ग्रीसमध्ये बसलेले छर्रे, आणि त्यांना जागेवर धरणारा शंकूसारखा नट — त्याला कोन म्हणतात. सगळं रॉकेलमध्ये धुतलं. छर्रे बशीत मोजले. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा.
परत लावताना दिसलं. दोन्ही वाट्यांत जवळजवळ एक छर्रा मावेल एवढी फट! म्हणजे दर वेळी एकेक छर्रा कमी घालत आला हा माणूस. तीस वर्षं! आणि मी त्याला सज्जन समजत होते.

२१ नोव्हेंबर
गंगारामच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन छर्रे आणले. अकरावा जरा वर राहत होता. दाबून बसवला. कुरकुर गेली. चाक घट्ट वाटतं — छर्रे नवे असल्यामुळे असणार.

२६ नोव्हेंबर
दादू आला. सुनावलं. चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत. म्हटलं, दहा दहा छर्रे घालून लोकांना फसवतोस, लाज नाही वाटत?
तो आधी हसला. "बाई, छर्रे काय मी भाकरीबरोबर खातो?"
मी म्हटलं, खातोस की विकतोस ते तुझं तू बघ.
मग हसू गेलं. हात पुसलेन. "तुमची सायकल दुसऱ्याकडं न्या बाई. माझ्याकडं नको." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चोराचा आव बघा!

२८ नोव्हेंबर
भाट्याच्या पुलावर चाक अडकलं. घरापर्यंत ढकलत आणली. कुणी थांबलं नाही. मी थांबू दिलं नसतंच.

२९ नोव्हेंबर
चाक उघडलं. एका छर्‍याचे दोन तुकडे. कोनावर खड्डे. तुकडे घेऊन गंगारामकडे गेले, म्हटलं, तुझा माल हलका.
त्याने विचारलं, "किती घातलांत?" अकरा, म्हटलं.
"अकरा? अहो बाई, एका छर्‍याची जागा मोकळी सोडायची असते. नायतर फिरायचे कसे ते? एकमेकांवर घासून मरतात. पुढच्या चाकाला दहाच. कुणी सांगितलां अकरा?"
कुणी नाही.

२ डिसेंबर
आज दिवसभरात बोललेले शब्द: "अर्धा लिटर." दूधवाल्याला.

३ डिसेंबर
तेवढेही नाहीत. पिशवी फाटकाला लावून गेला.

५ डिसेंबर
लहानपणी शाळेत सिस्टर फिलोमिना चूक शंभर वेळा वहीत लिहायला लावायच्या. ते फार सोपं होतं.
चौघांदेखत बोलले होते, म्हणजे चौघांदेखतच मागे घ्यायला हवं. दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती. समोरच्या फुटपाथवर सायकल धरून उभी राहिले, चार जण होईपर्यंत. पाऊण तास. दादूला मी दिसत होते. तो पंक्चर काढत राहिला.
मग गेले. म्हटलं, दादू, दहाच बरोबर. मी चुकले. तू फसवलं नाहीस, कधीच नाही. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एकाच्या हातातली हवा भरायची नळी तशीच सुटली.
दादूने सायकल उलटी केली. "कसलां करून ठेवलांत हे," एवढंच म्हणाला. नवे कोन, नवे छर्रे, ताजं ग्रीस. कोन आवळला, पाव फेरा मागे घेतला, वरून कोनाला जागेवर धरणारा चेकनट लावला. चाक फिरवून सोडून दिलं. ते झुलत झुलत मंद झालं आणि हवा भरायचा जड व्हॉल्व्ह बरोबर खाली येऊन थांबला. आवाज नाही, हलणं नाही. मग न सांगता ब्रेक केलेन, चेन केलीन, घंटासुद्धा.
"आता दोन वर्षं इकडं यायला नको," म्हणाला.
नगरपरिषदेचा विषय काढला मी. "हूं" आलं नाही. पुढची सायकल घेतली त्याने.

१० डिसेंबर
चाक उत्तम.

१३ डिसेंबर
चाक उत्तम. दुकानावरून दोनदा गेले. थांबण्यासारखं काही नव्हतं.

१६ डिसेंबर
इतकं चांगलं काम करायची काय गरज होती?

१९ डिसेंबर
काल पुढच्या चाकाचा डावा कोन मी स्वतः अर्धा फेरा सैल केला. आज सायकल दादूकडे नेली. चाक हलतंय, म्हटलं.
त्याने हलवून बघितलं. चेकनटवरचे माझ्या पान्याचे ओरखडे बघितलेन. त्यांवरून अंगठा फिरवलान. काम पाच मिनिटांचं.
"दिवस जाईल हां यात," म्हणाला. "बसा बाई."