एक्केचाळीस नंबरची गळती

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! बोट, बस, शेवटी बर्फगाडी. बोडोच्या धक्क्यावर मासे साफ करून जीव विटला होता. ही नोकरी झकास. डोंगरावर लाकडी खोली, शेगडी, आणि डोक्यावरून जाणारी विजेची लाइन सांभाळायची. जोडीला एलर्टकाका, साठीचे, जिभेला धार. माझे हात बघून म्हणाले, "माशांची मुंडकी उडवलीस, सीवर्ट. इथे स्वतःचं सांभाळ."

७ नोव्हेंबर
धरणावरून निघते तेवढी वीज खाली पोचत नाही. तार तापते, हिम धरलं की गुणगुणते, त्यात थोडी जायचीच. पण आमच्या टप्प्यात फारच गळते. काका वहीत रोज कारण लिहितात, 'हिम'. काल हिम नव्हतं, तरी 'हिम'. विचारलं, तर म्हणाले, "तेवढी जाऊ द्यायची असते, पोरा. कॉफी पी."

१२ नोव्हेंबर
सापडली! एक्केचाळीस नंबरच्या मनोऱ्यावर तार टांगायच्या चिनी मातीच्या चकत्या तडकल्यात. वीज तिथून जमिनीत उतरते. खाली माणूस निजेल एवढी जागा बर्फाविना उघडी, कोमट. काका म्हणाले, त्यांचा जोडीदार तोरफिन तिथेच बर्फाच्या लोंढ्याखाली गेला, कधी मिळालाच नाही. चकत्या बदलू नकोस म्हणून गयावया करत होते. मला हसू आलं.

१४ नोव्हेंबर
दुपारी दोन तास लाइन बंद ठेवून चकत्या बदलल्या. गळती निम्म्यावर! ऑफिसातून शाबासकी. काका जेवले नाहीत.

१५ नोव्हेंबर
उघडी जागा गोठली. मधोमध खड्डा. आतून उकरलेला.

१६ नोव्हेंबर
शेगडी भडकलीय, पण ऊब नाही. काकांची बोटं निळी पडलीत. उंबऱ्यावर ओली पावलं. आत येणारी. बाहेर जाणारी नाहीत. काका पुटपुटले, "गारठलाय बिचारा. माझ्यापाशी निजतो."

१७ नोव्हेंबर
फोन केला. लाइन बंद करा, जुन्या चकत्या परत चढवतो म्हणालो. साहेब हसला, "गळती परत पाहिजे? चढलीय का तुला?" वादळ आहे. दोन दिवस कुणी वर येणार नाही म्हणे.

१८
काका श्वास घेतात. मध्येच थांबतात. ऊब द्यायला त्यांना मिठी मारली — आमच्या मध्ये कुणीतरी आहे. दगडासारखं —

१९, सकाळ
काका जाणार. माझ्यामुळे. त्याला म्हटलं, म्हाताऱ्याला सोड. चूक माझी. मी तरणा आहे, माझ्यात ऊब जास्त —

ऐकलं त्याने. काकांची बोटं तांबूस होताहेत. आता छातीवर माझ्या — बोटं वळत नाहीत — काका रडताहेत, ओढताहेत मला — सोडा काका, वादळ थांबेपर्यंत मी पुर