उद्याच्या अपमानाचा आजच सूड

५ एप्रिल, पहाटे
भयंकर स्वप्न. समोरच्या बंगल्यातल्या जगन पाटलाच्या पोरीची, भाविकाची हळद. सगळं करंजाडे गाव मंडपात जेवतंय आणि जगन मला विचारतोय, आपण कोण? सगळे हसले. बँजोवालेसुद्धा.
स्वप्नं भविष्यातून येतात हे मी बायकोला वर्षानुवर्षं सांगतोय. ती म्हणते, रात्री वाटाण्याची उसळ खाऊ नका.
बारावीला फिजिक्समध्ये नापास झालेली ती पोरगी मी माझ्या घरी शिकवून पास केली. आणि बाप मला ओळखणार नाही? सोडत नाही त्याला.

त्याच दिवशी, चहानंतर
सिद्धांत तयार. भूत, वर्तमान, भविष्य एकाच वेळी अस्तित्वात असतात. म्हणजे अपमान झालेलाच आहे, फक्त अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही. कार्यकारणभाव दोन्ही दिशांनी चालत असेल तर सूड आधी घेता येतो. आधीच घ्यावा. जगन बेसावध आहे.
पद्धत: मनःशक्ती. रिटायर्ड शिक्षकाला हिंसा शोभत नाही. टायर पंक्चर शोभतं.

७ एप्रिल
बायको महिनाभर उरणला, बहिणीकडे. प्रयोगात टोमणे नकोत, बरं झालं. बेलची वायर काढली, मोबाइल बंद केला. गॅलरीत बसून जगनच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या टायरवर मन एकाग्र केलं. टायर टम्म.
संध्याकाळी दुधाला निघालो तर माझ्याच स्कूटरचं मागचं चाक बसलेलं. म्हणजे शक्ती आहे! नेम तेवढा सुधारायचा.

८ एप्रिल
ध्यानात असताना दार वाजलं. बांगड्या वाजल्या. बाईचा आवाज, सर हायत का घरान? हुबेहूब जगनची बायको मालू. एकाग्रता वाढली की असे भास होतात, वाचलंय मी. उठलो नाही.

१० एप्रिल
पुन्हा तोच भास. ह्या खेपेला जगनचं खाकरणंही. मन माझी परीक्षा घेतंय. मी स्थितप्रज्ञ. पाय मात्र बधिर झाले, भिंत धरून उठलो.

१२ एप्रिल
वॉचमन काशिरामने विचारलं, सर, हळदीला काय घालणार? म्हणाला, पाटलांच्यात फोनवर आवतण देत नाहीत, उंबऱ्याशी येऊन अक्षता हातात देतात. अख्ख्या बिल्डिंगला दिल्या.
मला नाही!
भाकीत सिद्ध. अपमान वेळेआधीच पोचला. पनवेलमध्ये आजवर असा शोध कुणी लावला नसेल. आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
भाविकासाठी घेतलेलं घड्याळ परत करायला गेलो. त्या घरात माझ्याकडून एक चमचासुद्धा जाणार नाही. दुकानदार म्हणाला, सेलचा माल परत होत नाही. शेवटी मीच घातलं. बायकी आहे, पण वेळ अचूक दाखवतं.

१५ एप्रिल, संध्याकाळ
हळद. आज शेवटचा वार. लक्ष्य: जनरेटर. सगळा मंडप अंधारात बुडायला हवा, मटण ताटात वाढताना. खिडक्या लावल्या, डोळे मिटले, सगळा राग एकवटला.
बँजो आणखी जोरात. माझा उजवा पाय ठेका धरू लागला. शरीर फितूर आहे.
मटणाचा वास बंद खिडकीतूनही येतो. खिचडी टाकली. मीठ विसरलो.

१७ एप्रिल
काल लग्न झालं. भाविका सासरी गेली. आज दूध आणायला उतरलो तर जगन समोरच, मंडप सोडवून घेत होता. मी तयार होतो. आपण कोण म्हणाला असता, तर काय सुनवायचं ते पाठ होतं.
तो धावतच आला. म्हणाला, सर, तब्बेत बरी हाय ना? आमी दोन येला आलो आवतनाला, दार कोनी उघाडला नाय. फोन पन बंद. भाविकानी हट्टच धरला होता, पयली हलद सरांचे हातची लावीन. पाटावर बसून ऱ्हायली. बायका गानी बोलून दमल्या, तरी बसलीच. शेवटी मालूनी लावली.
काळाविषयी, कार्यकारणाविषयी माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. तोंडातून निघालं, जरा कणकण होती. जगनने पोराला आत पिटाळून मटणाचा डबा मागवला, माझ्या हातात दिला. वर म्हणाला, आमचा काय चुकला असंल तर माफ करा.
फार लाज वाटली.
घरी येऊन डोळे मिटून बसलो. सूड नको, टायर नको, परवाची संध्याकाळ तेवढी परत यावी. जेवढी शक्ती होती तेवढी लावली. डोळे उघडले तेव्हा खाली माणसं मंडपाचे बांबू टेंपोत टाकत होती.